गोदरेजचं कपाट: कुलपातून जन्मलेलं फर्निचर आणि आपल्या खानदेशातल्या कचेऱ्या

जुनं_दप्तर (जळगाव जिल्हा)
नमस्कार मंडळी.

मी एका तालुक्याच्या कार्यालयात ३३ वर्षं लिपिक होतो. नाव-गाव सांगत नाही, कारण तिथे अजून आपलीच माणसं आहेत. गेल्या महिन्यात तिथे निर्लेखनाचा, म्हणजे बाद झालेल्या सामानाचा, लिलाव होता, म्हणून सहज गेलो. मागच्या पत्र्याच्या शेडसमोर १४ कपाटं उन्हात उभी होती. रंग उडालेले, पण एकाचंही दार लोंबलेलं नाही. जडसंग्रह नोंदवहीत (कार्यालयातल्या टिकाऊ सामानाच्या वहीत) त्यांची नोंद एका ओळीची: "लोखंडी कपाट, मोठे". भंगारवाल्याने वजनकाटा आणला होता आणि किलोवर भाव ठरत होता. ज्या कपाटातून मी माझ्या पहिल्या दिवशी आवक-जावक वही काढली, ते काट्यावर चढताना बघवलं नाही. मी तेवढं एक मागून घेतलं. चावी हरवलेली आहे, कुलूप न मोडता ते कसं उघडायचं कुणाला माहीत असेल तर सांगा.

घरी आल्यावर नातवाने विचारलं, "आबा, हे कोणी बनवलं?" दारावर गोदरेज लिहिलंय, एवढंच मला सांगता आलं. ३३ वर्षं ज्याच्या पुढ्यात बसलो त्याच्याबद्दल एवढंच? मग वाचायला घेतलं. जे जमवलं ते इथे मांडतो. ज्यांना जास्त माहिती असेल त्यांनी भर घालावी.

अर्देशीर गोदरेज मूळचे वकील. एका खटल्यासाठी आफ्रिकेत झांझिबारला गेले. अशिलाच्या बाजूने खोटं बोलणं पटेना म्हणून वकिली सोडून मुंबईला परतले. आधी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. माल चांगला होता, पण त्यावर 'भारतात बनवलेले' असा शिक्का मारायचा की नाही यावरून इंग्रज गिऱ्हाइकाशी बिनसलं. अर्देशीर शिक्का सोडायला तयार नव्हते, धंदा सोडायला तयार झाले. १८९७ मध्ये मेरवानजी कामा नावाच्या गृहस्थांकडून पैसे घेऊन त्यांनी लालबागला एका शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. १९०२ मध्ये पहिली तिजोरी आणि १९२३ मध्ये पोलादी कपाटं.

हा क्रम नीट बघा. कुलूप, मग तिजोरी, मग कपाट. सुताराने टेबल-खुर्ची करता करता कपाट केलं, असं इथे झालं नाही. चोर आणि आग डोळ्यांसमोर ठेवून काम करणाऱ्या माणसांनी तिजोरी पातळ केली, उंच केली, आत फळ्या बसवल्या आणि कागद ठेवायला दिली. या देशातलं कार्यालयीन फर्निचर कुलपातून निघालं असं मला वाटतं, आणि ती कपाटं ६०-६० वर्षं टिकण्याचं कारणही तेच आहे. मूठ फिरवली की आत दांडे सरकण्याचा तो खट्ट आवाज ज्यांनी रोज सकाळी साडेदहाला ऐकला आहे, त्यांना माझं म्हणणं कळेल.

आपल्याकडे याची गरज जास्त होती. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणजे कचेऱ्या दोन आणि दप्तरंही दोन. सगळं दप्तर कापडी रुमालात बांधून लाकडी फडताळात. काळ्या मातीतली वाळवी आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन तुम्ही जाणताच. लाकूड उन्हाळ्यात तडकतं, पावसाळ्यात फुगतं. आमच्या कार्यालयात जुनं एक सागवानी फडताळ होतं. जून लागला की त्याचा खण ओढायला दोन शिपाई लागायचे. आणि एका वर्षी त्याच्या तळाच्या खणातला रुमाल सोडला तर आत नुसती माती निघाली. फेरफाराचे कागद होते ते. त्या मातीसाठी पुढे किती शेतकऱ्यांनी किती हेलपाटे घातले ते मी बघितलंय.

---

तापीकाठ
आबा, वाचून अंगावर काटा आला. आमचे वडील ग्रामसेवक होते. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला रुमालात बांधलेलं दप्तर असायचं. गावात पोलादी कपाट आलं त्या दिवशी त्याला हार घातला होता आणि नारळ फोडला होता.

एक विचारतो. 'गोदरेज अँड बॉईस' मधला बॉईस हा कुणी इंग्रज इंजिनिअर होता ना? आमच्याकडे तसंच सांगतात.

---

जुनं_दप्तर
मलाही तसंच वाटायचं. पण नाही. बॉईस हे मेरवानजी कामांच्या नात्यातले. सुरुवातीला भागीदार म्हणून आले आणि थोड्याच काळात बाहेर पडले. नाव मात्र पाटीवर राहिलं ते आजपर्यंत. कंपनी खऱ्या अर्थाने वाढवली ती अर्देशीरांचे धाकटे भाऊ पिरोजशा यांनी. अर्देशीर शेवटच्या काळात सगळं भावाच्या हवाली करून शेती करायला नाशिकला आले होते, म्हणजे आपल्या शेजारीच. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले होते, तेही त्या काळात.

---

पत्रेवाला_एमआयडीसी
राम राम मंडळी. मी जळगावच्या एमआयडीसीत कपाटं बनवतो. वडिलांपासूनचा धंदा आहे. शेजारीपाजारी सगळे चटईवाले, मधे आमचा पत्र्याचा खडखडाट. आबांनी दांड्यांचा विषय काढला म्हणून लिहायला बसलो.

त्या कपाटाचं मर्म तीन गोष्टींत आहे. पहिला पत्रा. पत्र्याचा गेज उलटा चालतो, आकडा वाढला की पत्रा पातळ. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७ च्या आसपास. गिऱ्हाइकाला हा फरक डोळ्यांनी दिसत नाही, अंगठ्याने दिसतो. दाराच्या मध्यावर अंगठा दाबा. पत्रा 'टप' करून आत गेला आणि परत आला तर समजा पत्रा पातळ आहे किंवा दाराला आतून पट्टी नाही.

दुसरी घडी. पत्रा सपाट असतो तेव्हा त्यात जीव नसतो, कड मोडली की जीव येतो. दाराच्या कडेला पत्रा एकदा आत, मग परत एकदा मोडलेला असला तर दार पिळत नाही. ही घडी काटकोनातच यायला पाहिजे. अर्धा अंश इकडेतिकडे झालं तर ७८ इंच उंचीवर वरच्या कोपऱ्यात बोटभर फट पडते. वडील मला गुण्या देऊन उभं करायचे आणि प्रत्येक घडीला तपासायला लावायचे. मी दहावी नापास झालो तेव्हा रागावले नाहीत, पण एकदा घडी चुकली तर दोन दिवस बोलले नाहीत.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रंगाच्या आधीचं काम. पत्र्यावर तेल असतं, बारीक गंज असतो. तो काढायला सात टाक्या लागतात: तेल काढा, धुवा, तेजाबात गंज काढा, धुवा, फॉस्फेटमध्ये बुडवा, परत धुवा, असं. फॉस्फेटने पत्र्यावर राखी रंगाचा खरखरीत थर बसतो आणि रंग त्याला धरून राहतो. मग भट्टी. ज्याने टाक्या टाळल्या आणि नुसतं फडक्याने पुसून रंग मारला, त्याचं कपाट दोन पावसाळ्यांत तळापासून फुगतं. जुनी गोदरेजची कपाटं उघडून बघा, रंग उडालेल्या जागीही गंज बाजूच्या रंगाखाली पसरत गेलेला नसतो. हे टाक्यांचं काम. ते बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच त्यावर पैसा वाचवायचा मोह सगळ्यांना होतो.

वडील मुंबईच्या एका वर्कशॉपात हेल्पर होते. तिथे दुरुस्तीला आलेलं गोदरेजचं कपाट खोलून त्यांनी त्याची प्रत्येक घडी वहीत काढून घेतली. ती वही माझ्याकडे आहे. आजही गिऱ्हाईक दुकानात येतं आणि म्हणतं, "पोरीचं लगीन आहे, एक गोदरेज बनवून द्या." मी सांगतो, भाऊ, गोदरेज विक्रोळीला बनतं, मी कपाट बनवतो. पण नाव त्याच्या तोंडात बसलंय ते बसलंय.

आबा, कुलपाला ड्रिल लावू नका. फोटो पाठवा.

---

धुळेकर_जिभाऊ
आबा, लिखेल झकास शे. पण एक बाजू राहिली असं वाटतं, ती मांडतो.

टिकाऊपणाला माझा सलाम आहे. पण त्या काळात दुसरं काही मिळतच नव्हतं, हेही लिहायला हवं. परवाना-कोट्याचे दिवस होते. पोलादाचा पत्रा कंट्रोलमध्ये. लहान कारखानदाराला चांगला पत्रा मिळवायला किती अर्ज करावे लागायचे, ते पत्रेवाला भाऊंच्या वडिलांना विचारा. मोठ्या कंपनीला ते सोपं जायचं. तेव्हा कचेऱ्यांत एकच नाव दिसतं याचं सगळं श्रेय घडीला आणि टाक्यांना देता येणार नाही.

दुसरं, आपला सुतार. सातपुड्यातला साग, आणि धुळे-नंदुरबारकडे पिढीजात सुतारकाम करणारी घरं. माझ्या आजोळी एक मिस्तरी होते, त्यांनी केलेलं मुनीमाचं बसकं टेबल अजून आहे, एकही खिळा नाही, सगळी खाच आणि कूस, लाकडात लाकूड अडकवलेलं. १९६२ च्या १ मेला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, पाठोपाठ शाळा, दवाखाने, विकास सोसायट्या वाढल्या. एवढ्या सगळ्यांना एकदम कपाटं-टेबलं पाहिजे झाली. सरकारी खरेदीत कारागृहातल्या कैद्यांनी बनवलेल्या खुर्च्या होत्या, लोखंडी कपाटं होती. आमच्या मिस्तरींना मात्र कोणी विचारलं नाही. त्यांची मुलं सुरतला गेली.

---

जुनं_दप्तर
जिभाऊ, तुमचं म्हणणं मान्य. सुतारांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि तो यायला हवा होता. वाळवीच्या बाबतीत मी मागे हटणार नाही, पण लाकडावर सरसकट दोष टाकला ते चुकलंच. ज्या फडताळाची मी गोष्ट सांगितली ते जमिनीला टेकवून ठेवलं होतं, खाली चार दगडसुद्धा दिले नव्हते. तो दोष आमचा.

---

पत्रेवाला_एमआयडीसी
जिभाऊ बरोबर सांगतात. वडील पत्र्यासाठी मुंबईच्या खेपा घालायचे आणि कधी कधी मोकळे परत यायचे. ९१ नंतर ते बदललं. आता पत्रा फोनवर मिळतो, कारागीर मिळत नाही.

---

नंदुरबारची_लेक
मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते.

माझ्या आजीने १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मत टाकलं होतं. तेव्हा आजच्यासारखं बटण दाबायचं नव्हतं, शिक्काही मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आणि आपली चिठ्ठी आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. आजी शाळेत गेलेली नव्हती, पण काँग्रेसची बैलजोडी तिला ओळखता येत होती. ती सांगायची, "पेटी लोखंडनी व्हती, हात लावा ते गार लागे." हिवाळ्याचे दिवस होते. तिला उमेदवाराचं नाव आठवत नव्हतं, पेटीचा गारवा मात्र म्हातारपणापर्यंत आठवत होता.

पुढे मला वाचनात आलं की त्या निवडणुकीसाठी १२ लाखांवर पेट्या गोदरेजने विक्रोळीला बनवल्या. विक्रोळीचा कारखाना तेव्हा नवा होता, हे त्याचं अगदी सुरुवातीचं मोठं काम. पेटीला बाहेरून वेगळं कुलूप लावायचं तर खर्च फार वाढत होता. तेव्हा आतूनच बंद होणारी रचना काढली गेली आणि ती सुचली होती कारखान्यातल्याच एका कामगाराला. आजीने हात लावलेली पेटी त्यातलीच होती की दुसऱ्या कोणी बनवलेली, ते मला सांगता येणार नाही. पण आबांनी 'कुलपातून निघालेलं फर्निचर' म्हटलं तेव्हा मला पहिली तीच आठवली.

आणि लग्नातल्या कपाटाबद्दल. आमच्याकडे आंदणात 'गोदरेज' दिल्याशिवाय लेकीची पाठवणी पूर्ण होत नसे. माझं कपाट ट्रॅक्टरवर आलं, गोधडीत गुंडाळून, दोरखंडाने बांधून. आरसा फुटू नये म्हणून माझा धाकटा भाऊ पूर्ण रस्ताभर त्याला कवेत धरून उभा होता. त्या वर्षी कापूस पाण्यात गेला होता आणि कपाटासाठी बापाने उसनवारी केली, हे मला फार नंतर कळलं. आता सासू-सासरे नाहीत, घर नवीन बांधलं, पण ते कपाट मी हलवू देत नाही. त्याच्या आतल्या खणाची चावी या घरात फक्त माझ्याकडे असायची. मी नवी नवरी असताना एवढ्या मोठ्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

---

तापीकाठ
ताई, लिहीत जा. नुसतं वाचत बसू नका.

---

टकटक_तीस_चाळीस
कपाटांचं झालं, आता टंकयंत्राचं नाव घ्या! १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचं टंकयंत्र आणलं. माझं पोट त्याच्यावर भरलं. मी भुसावळला टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत होतो. मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ३०, ४०, म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द. सकाळी ६ ला पहिली बॅच. रेल्वेतल्या माणसांची पोरं, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्यांची पोरं, खेड्यातून पॅसेंजरने येणारी पोरं. १८ यंत्रं एकदम चालायला लागली की बाहेर रस्त्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज जायचा.

यंत्र जड होतं, पण त्याच्यावर बसलेलं बोट पक्कं व्हायचं. जोडाक्षर काढताना अर्धं अक्षर टाकून मग पुढचं अक्षर, हे ज्याच्या बोटात गेलं तो परीक्षेत अडकायचा नाही. रोज रात्री मी प्रत्येक यंत्राचे टाइप ब्रशने साफ करायचो, नाहीतर 'ब' आणि 'व' सारखेच उमटतात. आमच्या एका विद्यार्थिनीचा पेपर त्याच एका अक्षराने गेला होता, तेव्हापासून मी तो नेम कधी मोडला नाही.

२०११ मध्ये टंकयंत्रांचं उत्पादन थांबल्याच्या बातम्या जगभरात छापून आल्या. मी ते पान कापून ठेवलंय. यंत्रं बरीच विकली, दोन ठेवली.

---

अंमळनेरकर
विषय जरा बाजूला जातोय, पण राहवत नाही. गोदरेजने १९२० च्या आधीच वनस्पती तेलापासून साबण करून दाखवला. आणि १९४५ मध्ये आमच्या अंमळनेरला तेलाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, तोच पुढे विप्रो झाला. एक कंपनी कुलपाकडून चंद्रयानाच्या इंजिनापर्यंत गेली, दुसरी तेलाच्या घाण्याकडून संगणकापर्यंत. खानदेशातल्या पोरांना यातली दुसरी तरी शाळेत शिकवायला हवी. एवढं बोलून थांबतो.

---

नवीन_टेबल
मी या धाग्यावर बहुधा सगळ्यात लहान. जळगावात एका खासगी कार्यालयात नोकरी करतो, खरेदी बघतो.

जुन्यांचा मान ठेवून एक सांगावंसं वाटतं. खुर्चीच्या बाबतीत जुनं ते सोनं असं नाही. नळीच्या पायांची ती प्रसिद्ध लोखंडी खुर्ची, सीएच ४, मीही वापरली आहे. ती मोडत नाही हे खरं, पण दिवसाचे आठ तास तिच्यावर बसणाऱ्याची कंबर मोडते. माझे वडीलही लिपिकच, त्यांच्या मणक्याचं दुखणं आम्ही घरात अजून सोसतोय. आता पाठीला आधार देणारी, उंची कमी-जास्त होणारी खुर्ची मिळते आणि ती मागणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे असं मी मानतो. २००६ मध्ये इंटेरिओ नावाने वेगळा विभाग झाला, त्याआधीपासूनच कंपनी नुसत्या कपाटांची राहिलेली नव्हती. अख्ख्या कार्यालयाची मांडणी विकायला लागली होती.

टेबलांबद्दल मात्र मी आबांच्या बाजूचा. आता सगळीकडे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या. दिसायला देखणं, पण फरशी पुसताना पाणी लागून लागून पाय फुगतात आणि कडेची पट्टी सुटते. मी स्थानिकाकडून स्वस्तात घेतलेली सहा टेबलं चौथ्या वर्षी टाकून द्यावी लागली. त्या खरेदीवर माझी सही होती, म्हणून आता टेबल घेण्याआधी मी ते उलटं करून बघतो.

---

पत्रेवाला_एमआयडीसी
उलटं करून बघणारा गिऱ्हाईक पाहिजेच. या कधी वर्कशॉपवर.

आबा, फोटो मिळाले. मूठ शाबूत आहे, दांडे मोकळे आहेत, नुसतं कुलूप लागलेलं आहे. मुठीच्या मागच्या बाजूला किंवा कुलपाच्या तोंडावर बारीक आकडा असेल तर कोऱ्या कापडाला थोडं केरोसीन लावून पुसा, खरवडून काढू नका. गुरुवारी लाइट नसते, मी रिकामाच असतो. चाव्यांचा जुडगा घेऊन येतो.

---

जुनं_दप्तर
गुरुवारी भाऊ आले. चहाही आधी घेतला नाही, थेट कपाटासमोर बसले. कुलपाच्या तोंडात आधी फुंकर मारली, मग दोन थेंब तेल, मग दहा मिनिटं नुसतं थांबले. सहाव्या चावीला कानस लावत लावत, परत परत घालून बघत, अर्ध्या तासाने ती फिरली. मूठ मी फिरवायची असं त्यांनीच सांगितलं. वर, खाली आणि मधे, तिन्ही ठिकाणचे दांडे एकदम सुटले. खट्ट. नातू म्हणाला, "आबा, परत करा."

आत चार फळ्या, चारही सरळ. फळीवर अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडलेला. दप्तर काही नव्हतं, ते आधीच हलवलेलं असणार. सगळ्यात वरच्या फळीच्या मागे टाचण्यांचं एक डबडं आणि शाई वाळलेली शिक्क्याची गादी, एवढंच निघालं. टाचण्यांना गंज नव्हता.

भाऊंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, दाराची घडी मोजू द्या, वडिलांच्या वहीतल्या मापाशी ताडून बघायची आहे. मोजली. वहीतला आकडा बरोबर होता.

बाहेरून रंग द्यायचा ठरलंय, पण दाराच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेला जडसंग्रह क्रमांक आहे. तो माझ्याच आधीच्या कारकुनाच्या अक्षरातला. तेवढी जागा चिकटपट्टी लावून झाकायची आणि मग फवारा मारायचा, असं भाऊ म्हणाले. पुढच्या आठवड्यात ट्रॉली पाठवतायत.

जिभाऊ, तुमच्या आजोळच्या त्या बसक्या टेबलाचा फोटो टाका ना.

---

धुळेकर_जिभाऊ
ऐतवारले आजोळी जास, तव्हय टाकस. खाचेचा जवळून काढतो.